चाकांवरच्या घराची शाकारणी

माझं माहेर कोकणातलं. वैशाख सरत आला की बाबा घर शाकारायला माणसं बोलवायचे. कौलं उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, वासे ठोकून बघायचे, किडका असेल तो बदलायचा आणि मग कौलं पुन्हा चढवायची. एका वर्षी पैशांची ओढाताण होती. बाबांनी वरवरची चार कौलं बदलून काम भागवलं आणि त्या आषाढात देवघरात पातेली मांडून आम्ही सगळ्यांनी रात्र जागून काढली. ती रात्र मला पुढे कितीतरी वर्षांनी अमेरिकेत, मिशिगन राज्यातल्या आमच्या घराच्या अंगणात आठवली. निमित्त होतं एका जुन्या ट्रेलरचं.

ट्रेलर म्हणजे मोटारीच्या मागे जोडून न्यायची चाकांवरची खोली. आत झोपायला बाकं, एवढासा ओटा, शेगडी, कपाट. अमेरिकेत या हौसेला शंभर वर्षं होऊन गेली. अशा भटक्यांचा ‘टिन कॅन टुरिस्ट्स’ नावाचा मेळा १९१९ साली फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरी सुरू झाला. मध्यंतरी तो बंद पडला होता. १९९८ साली मिशिगनमधल्याच एका जोडप्याने त्याला पुन्हा जीव दिला. तेव्हापासून जुने ट्रेलर हुडकून ते नवे करणाऱ्यांचं पेवच फुटलं आहे.

हे २०१६ साली निवृत्त झाले आणि दोनच महिन्यांत एक ट्रेलर घरी घेऊन आले. १९६२ सालचा, शास्ता कंपनीचा, सोळा फुटी. हवाबंद खाण्याचा डबा आडवा ठेवावा तसा गोलसर आकार आणि मागच्या अंगाला पत्र्याचे दोन छोटे पंख! मी बघताक्षणीच त्याच्या प्रेमात पडले. किंमत नऊशे डॉलर. “रंग दिला की झालं,” विकणारा म्हणाला होता.

आम्हीही तेच केलं. यांनी बाहेरून पांढरा आणि आकाशी रंग दिला. मी आधी पडदे शिवले. लाल ठिपक्यांचे, झालर लावलेले. गाद्यांना अभ्रे केले, जमिनीवर नवं लिनोलियम अंथरलं. एका कोपऱ्यात कुबट वास यायचा, तिथे मी कापराच्या वड्या ठेवल्या.

पहिल्याच सहलीत मिशिगन सरोवराच्या काठी रात्रभर पाऊस झाला. सकाळी हे चहाचं आधण ठेवायला उठले आणि कोपऱ्यात पाय टाकताच गुडघ्यापर्यंत खाली गेले. लिनोलियम फाटलं, त्याखालचं लाकूड ओल्या पावासारखं तुटलं आणि यांचा पाय थेट खालच्या चिखलात! नशीब, खरचटण्यावर निभावलं.

ट्रेलर कसाबसा घरी आणला. आता कुणाला दाखवायचा? माझ्या मनात एकच नाव होतं, पण ते मी यांच्यासमोर उच्चारायला धजत नव्हते.

ते नाव आमच्या मुलाचं.

आमचा एकुलता एक मुलगा इंजिनियरिंगला होता. २०१४ च्या वसंतात आम्ही पदवीदानाच्या तारखा विचारल्या, तेव्हा कळलं की त्याने दीड वर्षापूर्वीच कॉलेज सोडलं होतं. तो ट्रक दुरुस्तीच्या कारखान्यात काम करत होता आणि रात्रीच्या वर्गात वेल्डिंग शिकत होता. दीड वर्ष दर रविवारी तो आम्हाला फोनवर खोटं सांगत आला होता. यांनी आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं झालं असतं. यांनी बोलणंच टाकलं. दिवाळी आणि वाढदिवस एवढंच नातं उरलं.

आणि आम्ही काय केलं? पुण्याला सासूबाईंना कळवलं की नातू पास झाला, आता एम.एस. करतो आहे. सासूबाईंनी सोसायटीत घरोघर पेढे वाटले. ते ऐकून मला त्या रात्री झोप लागली नाही. पण सकाळ झाली, आणि मी काहीच बोलले नाही.

ट्रेलर आणल्यावर चौथ्या दिवशी मी यांना न विचारता मुलाला फोन केला. तो संध्याकाळी आला. हातात बॅटरी आणि एक लांब स्क्रू ड्रायव्हर. ट्रेलरच्या खाली सरपटत गेला, आत फिरला, भिंतीवर ठिकठिकाणी बोटांनी वाजवत राहिला. मागच्या कोपऱ्यात त्याने स्क्रू ड्रायव्हर टेकवला आणि नुसत्या हाताने दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला.

“आई, इथे लाकूड उरलंच नाहीये. हा कोपरा नुसत्या पत्र्यावर उभा आहे.”

मग त्याने आम्हाला गळतीचं गणित सांगितलं. ट्रेलर म्हणजे रस्त्यावर हादरे खाणारं घर. हादऱ्यांनी पत्र्याचे सांधे सैल होतात, कोपऱ्याच्या पट्टीतले स्क्रू गंजतात, त्याखालचा मसाला सुकून कडक होतो. छताचा झरोका, खिडक्या, मागचे दिवे, जिथे म्हणून पत्र्याला भोक आहे तिथून पाणी शिरतं. शिरतं एकीकडे आणि भिंतीच्या आतून वाट काढत साठतं भलतीकडेच, बहुधा मागच्या खालच्या कोपऱ्यात. आधीच्या कुणीतरी सांध्यांवर सिलिकॉनचे थरावर थर चोपडले होते. वरून झाकल्यासारखं दिसत होतं, पण आत शिरलेलं पाणी त्यामुळे बाहेर पडू शकत नव्हतं. आणि त्या सगळ्यावर आमचा आकाशी रंग!

“चासीपर्यंत खोलावा लागेल,” तो म्हणाला. “नाहीतर भंगारात द्या.”

हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “शनिवारी येशील?”

दोन उन्हाळे गेले त्यात. शनिवार-रविवार मुलगा यायचा. हे ट्रेलर कारखान्यात आतून बाहेर बांधत. आधी चासी, तिच्यावर प्लायवूडची जमीन, मग कपाटं आणि आतल्या भिंती, मग लाकडी चौकट, तिच्यात काचेच्या तंतूंची गादी, आणि सगळ्यात शेवटी अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. त्यामुळे खोलायचं ते उलट्या क्रमाने. प्रत्येक तुकड्याचा फोटो काढायचा, मागे नंबर टाकायचा. स्क्रू ठेवायला माझ्या लोणच्याच्या बरण्या गेल्या.

कुजलेली लाकडं मी टाकून द्यायला निघाले, तर मुलाने अक्षरशः हातातून काढून घेतली. “ह्यांचाच तर नकाशा आहे. ह्यांच्यावरून नवी कापायची.” ती भुसभुशीत, काळी पडलेली कमान त्याने नव्या प्लायवूडवर अलगद ठेवली आणि पेन्सिलीने कडेकडेने रेघ मारली. लहानपणी चित्रकलेच्या वहीत असाच जीभ बाहेर काढून बसायचा.

वेळ काढून आम्ही तिघं इंडियाना राज्यातल्या एल्कहार्टलाही जाऊन आलो. ट्रेलर बनवणाऱ्यांचं ते गावच म्हणा ना. तिथल्या संग्रहालयात १९१३ सालचा ट्रेलर आहे. त्याच्यासमोर बापलेक अर्धा तास उकिडवे बसून खालचे सांधे बघत होते. त्या दिवशी मोटारीत ते एकमेकांशी दीड तास बोलले. सगळं बोलणं पाट्यांबद्दल आणि आसाबद्दल, पण बोलले.

अखेर अंगणात उरली नुसती चासी. दोन लांब लोखंडी कांबी, मधले आडवे तुकडे, दोन चाकं. मागच्या आडव्या तुकड्याचे गंजून खवले निघत होते. तारेच्या ब्रशने घासून घासून यांचे हात सुजले. मुलाने तो तुकडा कापून काढला आणि नवा बसवायला घेतला. हे काटकोन्या धरून उभे. मुलाने वेल्डिंग केलं, थंड होऊ दिलं, हातोडीने ठोकलं, वाकून पाहिलं आणि ग्राइंडर लावून सगळं पुसून टाकलं. पुन्हा केलं. पुन्हा पुसलं.

“अरे, चालेल की,” हे म्हणाले. “वर जमीनच तर येणार आहे. कोण बघतंय?”

“बाबा, त्यात एक बारीक भोक राहिलंय. तिथूनच तुटेल.”

तिसऱ्यांदा जमलं. मी चहा घेऊन गेले तेव्हा दोघं चासीवर दोन टोकांना बसले होते. यांनी कप हातात घेतला आणि त्याच्याकडे न बघता विचारलं, “तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस?”

मुलगा हातमोजे काढत राहिला. मग म्हणाला, “तुम्ही दर रविवारी मार्क विचारायचात. मी पहिल्या खेपेला वाढवून सांगितले. मग परत खाली येता येईना.” थोडं थांबून म्हणाला, “आणि तुम्ही तरी आजीला कुठे सांगितलंत? दर दिवाळीला ती मला एम.एस.चं विचारते. आता माझ्या खोट्यावर तुमचं खोटं आहे, आणि ते दोन्ही मलाच सांभाळावं लागतं.”

माझ्या हातातला ट्रे थरथरला. पडदे आधी शिवणारी मीच होते. सासूबाईंना काय सांगायचं ते यांना सुचवलं होतं मीच. त्यांच्या काळजीने म्हणून नव्हे. चार नातेवाइकांत मान खाली जाऊ नये म्हणून.

पुढच्या रविवारी यांनी पुण्याला फोन लावला आणि सगळं सांगितलं. सासूबाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग एवढंच म्हणाल्या, “मी पेढे वाटले होते रे.” आणि फोन ठेवला. तीन आठवडे आम्ही फोन केला की जाऊबाई घ्यायच्या. “आई झोपल्यात,” म्हणायच्या. चौथ्या आठवड्यात सासूबाईंनी स्वतः फोन केला आणि आम्हाला बाजूला सारून नातवाला मागितलं. “मला सांग, लोखंडाला लोखंड चिकटतं कसं?” त्याने त्याच्या मोडक्यातोडक्या मराठीत अर्धा तास समजावून सांगितलं. फोन ठेवल्यावर तो बाहेर जाऊन उगाच ब्रेकचे ड्रम पुसत बसला.

पुढचं काम भराभर झालं असं नाही, पण हलक्या मनाने झालं. चासीला गंजरोधक रंग, चाकांना नवे बेअरिंग आणि ग्रीस, विजेच्या सगळ्या नव्या तारा. गॅसची नवी नळी टाकली आणि सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहिलं, आपण घरी सिलिंडर तपासतो अगदी तसंच. जमिनीच्या प्लायवूडला खालूनही रंग दिला. पत्रा परत चढवताना प्रत्येक पट्टीखाली चिकट ब्युटिल टेप लावली, सिलिकॉनला हातही लावू दिला नाही. आणि सगळ्यात शेवटी पडदे. तेच लाल ठिपक्यांचे.

२०१९ साली आम्ही ट्रेलर घेऊन मिलफर्डजवळच्या कॅम्प डिअरबॉर्नला टिन कॅनवाल्यांच्या मेळ्याला गेलो. लोक येऊन पंखांचं कौतुक करत होते. हे मात्र जो येईल त्याला खाली वाकायला लावून मागचा आडवा तुकडा दाखवत होते. “हे वेल्डिंग माझ्या मुलाचं.” सासूबाईंनीही व्हिडिओवर तो पाहिला. म्हणाल्या, “पडदे छान आहेत, पण मला ते खालचं दाखव.” २०२१ साली त्या गेल्या. त्यांना अखेरचं भेटणं आमच्या नशिबी नव्हतं, पण त्यांच्यापासून झाकलेलं काही उरलं नव्हतं, हे समाधान मोठं आहे.

आता दरवर्षी मे महिन्यात, म्हणजे आपल्या वैशाखाच्या सुमारास, मुलगा येतो. शिडी लावून छताचा एकेक सांधा बघतो. सैल असेल ती पट्टी काढायची, जुना मसाला खरवडायचा, नवी टेप लावून पुन्हा आवळायची. मी खाली उभी राहून स्क्रू देते. शेजाऱ्यांना वाटतं, दरवर्षी काय एवढं? मी त्यांना शाकारणीबद्दल सांगते. घर कितीही पक्कं बांधा, पावसाआधी एकदा वर चढून बघावंच लागतं.

रविवारचा फोन अजून असतो. फक्त हे आता पहिला प्रश्न निराळा विचारतात. “कसा आहेस?” म्हणतात, आणि तो सांगून होईपर्यंत थांबतात.