दोन इंच छाती

लष्करात न जाता निवृत्त झालेल्या माणसाइतका कडवा सैनिक मी दुसरा पाहिलेला नाही. आमचे थोरले मेहुणे आप्पा हे त्यातले. १९७१ साली, ऐन विशीत, ते भरतीच्या रांगेत उभे राहिले होते. उंची पुरली. वजन आदल्या दिवशी केळी खाऊन पुरवलं. पण छाती फुगवल्यावर ती जी दोन इंच वाढावी लागते, ती दीड इंचावर येऊन अडली. "श्वास आणखी आत घे," असं मोजणाऱ्याने तीनदा सांगितलं, आप्पांनी तीनदा घेतला, पण आत जागाच नव्हती. मग ते जिल्ह्याच्या एका कचेरीत कारकून म्हणून चिकटले आणि अडतीस वर्षं टेबलामागे बसून त्यांनी देशाचं रक्षण केलं. १९८१ मध्ये कुलाब्याचा रायगड झाला तेव्हा जुने रबरी शिक्के गोळा करण्याची मोहीम त्यांच्याच नेतृत्वाखाली पार पडली, आणि त्यांच्या सांगण्यावरून तरी असं दिसतं, की शत्रूने एकही शिक्का परत नेला नाही.

असा माणूस निवृत्तीनंतर काय करील? नारळाची वाडी शिंपील, नातवंडांना शिस्त लावील, पेपरातली चुकलेली जोडाक्षरं अधोरेखित करील. हे सगळं आप्पांनी केलं. पण २०१९ साली त्यांनी लष्कराच्या लिलावातून निघालेला एक ट्रक विकत घेतला, आणि तोही घरात कुणाला न विचारता. वहिनींना ही बातमी ट्रक फाटकाचा एक खांब घेऊन अंगणात आला तेव्हा समजली.

ट्रक जबलपूरच्या कारखान्यात तयार झालेला. अडीच टनी, चारही चाकांना ताकद, आणि नावामागे 'टीसी' अशी दोन अक्षरं. रेल्वेने आयुष्यभर प्रवास केलेल्या आम्हा लोकांना टीसी म्हटलं की पोटात गोळा येतो, पण इथे त्याचा अर्थ टर्बोचार्जर. गावाने मात्र या नावाकडे लक्ष न देता पहिल्याच दिवशी गाडीचं बारसं 'शक्तिमान' असं करून टाकलं. वास्तविक शक्तिमान ही निराळी गाडी. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर ती जबलपूरला बनत असे, तिला टर्बो नव्हता, आणि १९९६ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. १९९७ मध्ये दूरदर्शनवर दुसरा शक्तिमान आला, गरगर फिरणारा. आप्पा हा इतिहास येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावून देत. लोक शेवटपर्यंत ऐकून घेत आणि म्हणत, "पण शक्तिमान झकास आहे हो तुमचा."

गाडीचा लष्करी हिरवा रंग हा आप्पांचा जीव की प्राण. पण तो रंग संरक्षण खात्याखेरीज कुणाच्या गाडीला लावायचा नाही असा मोटार वाहनांचा नियमच आहे. नोंदणीसाठी पेणला जाण्याआधी तो खरवडावा लागला. आप्पा ते बघायला थांबले नाहीत, वाडीत निघून गेले. कोळीवाड्यात होड्या रंगवून उरलेला निळा रंग स्वस्तात मिळाला, तो फासला. आप्पांचा सेनादलातून नौदलात झालेला हा प्रवेश वैद्यकीय तपासणीशिवाय पार पडला.

ट्रकचं काम बर्फाचं. कार्ले खिंडीपलीकडच्या कारखान्यातून लाद्या भरायच्या, ताडपत्री टाकायची, खिंड चढून यायचं आणि थळ-नवगावच्या बंदरावर होड्यांना बर्फ द्यायचा. बर्फाचा धंदा म्हणजे काळाशी लावलेली शर्यत. वाटेत भाव वाढो न वाढो, माल मात्र हमखास घटतो. तीन वर्षं ट्रकने ही शर्यत जिंकली. २०२२ च्या मे महिन्यात तो हरू लागला. खिंडीत शिरताना तिसऱ्या गिअरवर असलेली गाडी दुसऱ्यावर यायची, मग पहिल्यावर, आणि मागून येणारे मुंबईचे पाहुणे हॉर्न वाजवून आपली सुट्टी किती तासांची आहे ते कळवायचे. ताडपत्रीखालून पाण्याची धार लागायची. निघताना लादी, पोचताना पाव! त्यात गाडी धूर सोडू लागली. गाडीचा रंग निळा आणि धूरही निळा. लांबून बघणाऱ्याला गाडी कुठे संपते आणि धूर कुठे सुरू होतो ते समजेना.

"आप्पा, गारीला दम लागलाय," ड्रायव्हर म्हणाला.

गावातल्या मिस्त्रीने नळी सोडवून आत बोट घातलं, पंख्याचा दांडा वर-खाली हलवला आणि डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावताना करतात तसा चेहरा केला. "टर्बोला प्ले आहे. कळंबोलीला न्या."

त्या क्षणापर्यंत टर्बो ही वस्तू मी पाहिली नव्हती. ती सोडवून पाटावर ठेवली तेव्हा मला मोठ्या शंखाची आठवण झाली. एकाच दांड्याची दोन टोकं, दोन्हीकडे पंखे, दोन्ही पंख्यांवर शंखासारखी कवचं. यंत्रणा इतकी कोकणी आहे, की ती शोधणारा माणूस स्वित्झर्लंडचा निघावा याचं नवल वाटतं. इंजिन जो धूर बाहेर टाकून देतं, त्या धुराच्याच जोरावर एक पंखा फिरवायचा. त्याच्याबरोबर दुसऱ्या टोकाचा पंखा आपोआप फिरतो, तो बाहेरची हवा दाबून इंजिनाच्या छातीत भरतो. हवा जास्त, म्हणून डिझेल जास्त जाळता येतं, म्हणून ताकद जास्त. थोडक्यात, शहाळं पिऊन झाल्यावर करवंटी जाळायची, तसं. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या इंजिनियरने याचं पेटंट १९०५ मध्ये घेतलं. लोकांना पटायला वीस वर्षं गेली. मग दोन जर्मन जहाजांच्या इंजिनांवर त्याने ते बसवून दाखवलं, आणि साडेसतराशे अश्वशक्तीचं इंजिन अडीच हजारांचं काम करू लागलं. इंजिन तेच, फक्त श्वास भरून घेतलेला.

हे मी आप्पांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "भावजी, १९०५ सालीच शोधलं होतं म्हणता?"

जूनपासून मासेमारी बंद होती, ३१ जुलैपर्यंत होड्या वर ओढलेल्या, तेव्हा सवड होती. भर पावसात टर्बो पंचात गुंडाळून, वर प्लॅस्टिक बांधून आम्ही दोघे एसटीने निघालो. आप्पांनी तो मांडीवर घेतला होता. कंडक्टरने विचारलं, "पिशवीत काय आहे?"

"फुप्फुस," आप्पा म्हणाले.

कंडक्टरने आमच्याकडे पाहिलं आणि पेणपर्यंत तो आमच्या बाकाकडे फिरकला नाही.

कळंबोली म्हणजे ट्रकांची पंढरी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कुणाचं डोकं काढलेलं, कुणाचे पाय काढलेले, असे ट्रक ओळीने उभे. उस्ताद एका पत्र्याच्या शेडमध्ये बसले होते. वय आप्पांएवढंच, दाढी पांढरी, बोटं काळी, आणि चष्म्याची एक काडी म्हणून तांब्याची तार. "कुठून आलात?" त्यांनी विचारलं.

आता, मुंबईच्या आसपास या प्रश्नाला आम्ही लोक जरा जपून उत्तर देतो. 'अलिबागसे आया है क्या' हा वाक्प्रचार तुम्हाला माहीत असेलच. एका अलिबागकराने त्याविरुद्ध थेट उच्च न्यायालयात दाद मागितली होती आणि २०१९ मध्ये ती याचिका फेटाळली गेली, म्हणजे आता आम्हाला वेड्यात काढायला कायद्याची आडकाठी उरलेली नाही. आप्पा ताठ बसले आणि म्हणाले, "अलिबागहून."

उस्ताद हसले नाहीत. "म्हणजे खारी हवा आणि वाळू," एवढंच बोलून त्यांनी पाना उचलला.

पुढचा अर्धा तास मी एखाद्या शस्त्रक्रियेला हजर असल्यासारखा उभा होतो. हवेकडच्या पंख्याच्या पात्यांच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या. एअर क्लीनरच्या नळीला चीर पडून तिच्यातून वाळू जात होती, तिचा हा प्रताप. पण उस्तादांचं लक्ष तिथे नव्हतं. त्यांनी दांड्यावरचे बुश काढले. ते काळे पडले होते. मग तेलाची बारीक नळी उजेडाकडे धरली आणि तिच्यात तार घातली. तार अडली.

"गाडी पोचली की लगेच बंद करता?"

"लगेच म्हणजे लगेच!" आप्पा अभिमानाने म्हणाले. "ड्रायव्हरला सक्त ताकीद आहे. चाक थांबलं की इंजिन थांबलं पाहिजे. डिझेल काय फुकट येतं?"

उस्तादांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग त्यांनी जे सांगितलं ते असं. हा दांडा मिनिटाला लाख फेऱ्या मारतो. (आपल्या घरचा छताचा पंखा पाचावर ठेवला तर तीन-चारशे मारतो आणि तेवढ्यात कॅलेंडर फडफडवतो.) याच्यात छर्रे-बिर्रे नसतात. तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो, बुश आणि दांडा यांच्यामध्ये केसाएवढीही जागा नसते. एका टोकाला सहा-सातशे अंशांचा धूर. खिंड चढून, भार ओढून आलेली गाडी तुम्ही तडकाफडकी बंद केली, की इंजिन थांबतं आणि तेलही थांबतं. पण दांडा अजून फिरत असतो आणि पंखा लाल असतो. आत अडकलेलं तेल तव्यावर राहिलेल्या फोडणीसारखं करपतं. त्याचा कोळसा नळीत बसतो. दुसऱ्या दिवशी तेल थोडं कमी येतं, तिसऱ्या दिवशी आणखी कमी.

"दोन मिनिटं," उस्ताद म्हणाले. "बंद करण्याआधी दोन मिनिटं नुसती चालू ठेवायची. तेवढं डिझेल जाऊ द्यायचं."

आप्पांनी खिशातून डायरी काढली आणि तीन वर्षांत वाचवलेल्या डिझेलचा हिशेब मांडायला घेतला. टर्बोच्या खर्चाचा आकडा कळल्यावर त्यांनी डायरी मिटली.

आता प्रश्न उरला दुरुस्तीचा की सुधारणेचा. हिचा भाचा, म्हणजे आप्पांचा धाकटा, पुण्याला इंजिनियरिंग करतो. त्याने मोबाइलवर आलेख काढून पाठवले होते. जुन्याऐवजी मोठा टर्बो बसवा, ताकद अमुक टक्के वाढेल. आप्पांचे डोळे चमकू लागले. "मोठाच बसवा," ते म्हणाले. "हिची छाती पहिल्यापासूनच कमी पडत असणार. वाढू दे की दोन इंच!"

हे बोलणं ट्रकबद्दल चाललेलं नाही, हे मला समजलं. उस्तादांना कसं समजलं ते मात्र सांगता येणार नाही. त्यांनी पंखा तळहातावर ठेवून फिरवला आणि म्हणाले, "साहेब, बडा टर्बो म्हणजे बडा साहेब. त्याला खुर्चीतून उठायलाच वेळ लागतो. त्याला फिरवायला धूर जास्त पाहिजे. तुमची गाडी खिंडीत हळू, भार घेऊन चढणार, तिथे एवढा धूर आणणार कुठून? तोवर बर्फाचं पाणी. बरं, नुसती हवा वाढवून भागत नाही. मग पंपातून डिझेल वाढवा. मग उष्णता वाढली, पिस्टन बघा. मग क्लच, मग गिअरबॉक्स. नाकापेक्षा मोती जड." ही म्हण त्यांनी अस्सल कोकणी मराठीत म्हटली. मग थोडं थांबून पुढे म्हणाले, "हिची छाती कमी नाही. गळती आहे."

आप्पा यावर काहीच बोलले नाहीत. परतीच्या एसटीत तर वडखळपर्यंत नाहीत.

सुधारणा झाली ती मला तरी दिसली नसती. दांड्याला मागे-पुढे सरकू न देणारं एक थ्रस्ट बेअरिंग असतं. जुनं पाऊण गोल होतं, त्याऐवजी पुरतं गोल असलेलं बसवलं. नवा पंखा, नवे बुश, नव्या कड्या, नवी तेलाची नळी. मग सगळा दांडा यंत्रावर लावून तोलला. जिथे वजन जास्त भरलं तिथून कणभर धातू घासून काढला, सोनार घासतो तसा, फक्त इथे घासलेलं गिऱ्हाइकासमोर पडतं. बिल नव्या टर्बोच्या निम्म्याहून कमी झालं. आप्पांनी घासाघीस केली नाही. मी त्यांना तीस वर्षं ओळखतो. हे पहिल्यांदा घडलं.

बसवण्याचे उस्तादांचे हुकूम आप्पांनी कागदावर लिहून आणले होते, आणि जुलैच्या अखेरीस ते अंगणात उभं राहून मोठ्याने वाचले. सुरू करण्याआधी टर्बोच्या तोंडात चमचाभर तेल ओतणे. डिझेल बंद ठेवून इंजिन नुसतं फिरवणे. तेल पोचल्याची खात्री करणे. मग सुरू करणे, पण रेस न करणे. तान्ह्या बाळाच्या पहिल्या अंघोळीला एवढी माणसं जमत नाहीत. किल्ली फिरली, इंजिन धरलं, थोडा पांढरा धूर आला, मग करडा, मग आलाच नाही. वहिनींनी दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या आणल्या. आप्पांनी मीठ तेवढं परत पाठवलं. खारी हवा पुरेशी आहे म्हणाले.

ऑगस्टच्या पहिल्या दिवशी बर्फ भरून गाडी खिंडीत शिरली तेव्हा मी ड्रायव्हरशेजारी होतो, आणि आप्पा खिडकीशी. चढ सुरू झाला. आधी काहीच ऐकू येईना. मग इंजिनाच्या घरघरीवर एक बारीक शीळ उमटली आणि चढत गेली, दूरवर कुणी पावा वाजवावा तशी. गाडी तिसऱ्यावर होती, तिसऱ्यावरच राहिली. खिंडीच्या माथ्यावर एक मोटार आमच्या मागे होती. तिने हॉर्न वाजवला नाही. आप्पांनी खिडकीबाहेर पाहत एक खोल श्वास घेतला, आणि किती आत गेला ते मी मोजलं नाही.

बंदरावर होड्या तयार होत्या. बायका टोपल्या घेऊन पुढे आल्या. चाकं थांबली आणि सवयीने ड्रायव्हरचा हात किल्लीकडे गेला. आप्पांनी तो मनगटावर धरला आणि दुसऱ्या हाताने घड्याळ पाहिलं.

"आप्पा, गारी बंद करा की! कानठळ्या बसतान!" एक म्हातारी ओरडली.

"दोन मिनिटं," आप्पा म्हणाले. "हुकूम आहे."

तेव्हापासून ट्रक बरा चाललाय. घरचं मात्र सांगता येत नाही. आप्पा आता स्कूटर अंगणात आणल्यावर दोन मिनिटं तशीच चालू ठेवतात. पाण्याचा पंप बंद करण्याआधी घड्याळ बघतात. परवा हिने फोन केला तेव्हा वहिनींनी तो माझ्याकडे द्यायला सांगितला. मागे काहीतरी घरघरत होतं.

"भावजी," त्या म्हणाल्या, "तुम्ही बरोबर होतात म्हणून विचारते. मिक्सरला टर्बो असतो का हो?"