खाडा

अमेरिकेत पक्षाचा उमेदवार कोण, हे पक्षाचेच मतदार मत टाकून ठरवतात. प्रायमरी म्हणतात त्याला. मत टाकायच्या आधी इच्छुकांना एका मंचावर उभं करून सवाल विचारतात. २३ ऑगस्ट २०२३ ला मिलवॉकी शहरात रिपब्लिकन पक्षाचे आठ जण असे उभे राहिले. सगळ्यांच्या पुढं असलेला डोनाल्ड ट्रम्प मात्र आलाच नाही. आधीच घेऊन ठेवलेली एक मुलाखत त्यानं त्याच वेळेला इंटरनेटवर सोडली. प्रायमरीच्या पुढच्या एकाही वादसभेला तो गेला नाही. उमेदवारी त्यालाच मिळाली, आणि नोव्हेंबर २०२४ ला तो निवडूनही आला.

रातपाळीत चहाच्या टायमाला मी हे सांगितलं, तर साच्यावरचा माझा जोडीदार म्हणाला, "आरं, न जाता निवडून येतोय म्हटल्यावर त्यो कशाला जाईल? श्याना हाय गडी."

श्याना आहेच. पण आम्ही सूतगिरणीत एक दिवस गेलो नाही तर खाडा लागतो. पगार कापतात. खाडे वाढले की साच्यावर बदलीवाला उभा आणि आम्ही गेटाबाहेर. उमेदवार तरी दुसरं काय करतो? नोकरीच मागतो की आमच्याकडं. मग त्याचा खाडा कोण मांडणार?

आपल्या देशात काय झालं? ९ मे २०२४ ला निवृत्त न्यायमूर्ती मदन लोकूर, अजित शहा आणि पत्रकार एन. राम यांनी नरेंद्र मोदी आणि राहुल गांधी यांना पत्र लिहिलं. एका मंचावर या, लोकांपुढं बोला. कोल्हापूरचं मतदान ७ मेलाच उरकलं होतं, आमच्या बोटावरची शाई वाळली होती. राहुल गांधींनी होकार कळवला. मोदींचा होकार आला नाही. भाजपच्या युवा मोर्चानं आपला एक उपाध्यक्ष पुढं केला. पासी समाजातला, शिकलेला तरुण. म्हणजे खाडा पंतप्रधानांचा, आणि बदलीवाला आमच्यातला. त्या तरुणावर माझा राग नाही. तो माझ्यापेक्षा चांगलं बोलत असेल. पण उत्तर द्यायला त्याला पुढं करणारे खुर्चीवर त्याला बसवणार होते का? वादसभा झालीच नाही.

काँग्रेसवाल्यांनीही हुरळून जाऊ नये. तिकीट कुणाला, हे त्यांनी तरी आमच्या वस्तीत येऊन कधी विचारलं? तिकीट मुंबईत ठरतं, दिल्लीत ठरतं. आम्हाला फक्त चिन्ह दाखवतात.

गैरहजेरी आम्हाला नवी नाही. आमच्या आज्याच्या आज्याला चावडीची पायरी चढता येत नव्हती. त्याचा निवाडा आत व्हायचा, तो बाहेर धुळीत उभा. त्याला आत घेत नव्हते. यांना हात जोडून बोलावलं तरी हे येत नाहीत. तेव्हाही उत्तर आम्हाला मिळालं नाही, आताही मिळत नाही.

सगळे खाडे सारखे नसतात, हेही खरं. १९३० ला लंडनच्या पहिल्या गोलमेज परिषदेवर काँग्रेसनं बहिष्कार टाकला. तिचे पुढारी तुरुंगात होते. त्यांनी गैरहजेरीची किंमत मोजली. बाबासाहेब गेले, आपल्या माणसांचं गाऱ्हाणं भर सभेत मांडलं आणि इथं शिव्या खाल्ल्या. त्यांनी हजेरीची किंमत मोजली. आजच्या खाड्याला काही किंमतच पडत नाही.

आमच्या कोल्हापुरात पुढारी एकमेकांना "बिंदू चौकात या" म्हणून आव्हान देतात. त्या आव्हानाला तालमीच्या मातीचा वास. शड्डू ठोकायचा, घोषणा द्यायच्या. कंत्राटी कामगाराच्या हातात महिन्याला किती पडतात, वस्तीतली गटार कधी उपसणार, हे त्यात कुठंच नाही. त्याच चौकात फुले आणि बाबासाहेब उभे आहेत. ९ डिसेंबर १९५० ला, बाबासाहेब हयात असतानाच हे पुतळे बसले. उन्हापावसात त्यांचा एक खाडा नाही.

आणि राजानं हजर कसं राहावं, तेही याच मातीनं पाहिलंय. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेला शाहू महाराज स्वतः आले. अस्पृश्यांच्या सभेत बसले. तुमचा पुढारी तुम्हाला मिळाला, असं सांगून गेले. त्यांना कुणाचं मत नको होतं. तरी आले.

२५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बाबासाहेबांनी बजावलं होतं की राजकारणात भक्ती शिरली की शेवट हुकूमशाहीत होतो. भक्त देवाला सवाल विचारत नाही. आणि सवाल नसेल तर देव तरी देवळातून उठून चौकात कशाला येईल? तो आला नाही याचा दोष त्याचा आहेच. पण न येता त्याचा पूर्ण पगार आम्हीच काढून देतो.

मस्टर पाच वर्षांतून एकदा आपल्या हातात येतं. त्यावर आपण अजून न आलेल्यांचीच हजेरी मांडत बसलोय.