झुकलेली मान

आमची मान बालपणापासून किंचित पुढे झुकलेली. नवव्या वर्षी मानेच्या मणक्यांस क्षय झाला. औषधांनी रोग हटला, परंतु मधले दोन मणके झिजून एकमेकांवर बसले ते कायमचेच. सेमिनरीत हीच मान आमच्या नम्रतेची खूण मानली जाई. एका वृद्ध गुरुजनांनी तर आमचे उदाहरण इतरांपुढे ठेविले होते, आणि आम्हीही (आता कबूल करावयास हरकत नाही) ते सुखाने ऐकून घेतले होते.

२०२२ च्या पावसाळ्यात झग्याची बटणे आमच्या बोटांस जुमानेनाशी झाली. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतील आमची सही आम्हांसच ओळखू येईना. पायरी उतरताना पाय कोठे पडतो हे डोळ्यांनी पाहावे लागे. वेदीपुढे मस्तक नमविले की विजेसारखा झटका पाठीतून थेट पायांपर्यंत जाई. दुखणे मात्र फारसे नव्हते, आणि येथेच आम्ही फसलो. एका डॉक्टरांनी संधिवाताच्या गोळ्या दिल्या, कोणी तेल सुचविले, आणि आम्ही नाताळ होऊ दे, उपवासकाळ होऊ दे, असे म्हणत आठ महिने घालविले. अखेर एका रविवारी परमप्रसाद देताना पवित्र भाकर बोटांतून निसटली. वेदीसेवकाने ती तबकात झेलली, म्हणून बरे. त्या रात्री आम्हांस झोप आली नाही.

बेळगावहून आम्ही बंगळूरला गेलो. तेथील तरुण शल्यविशारदांनी आमच्या मधल्या बोटाच्या नखास टिचकी मारली, तो अंगठा आपणहून आत वळला. एवढ्यावरूनच त्यांचा चेहरा गंभीर झाला. मग एम.आर.आय. चित्र दाखविले. निरोगी मानेचा बाक पुढच्या बाजूस फुगीर असतो. आमचा नेमका उलटा. करंगळीएवढा मज्जारज्जू विहिरीच्या काठावर ताणलेल्या दोरासारखा त्या खचलेल्या मणक्यांच्या कडेवर घासत होता.

"मागचे हाड काढून त्यास जागा करून देता येणार नाही काय?" आम्ही विचारले.

"फादर, बाक तसाच राहिला तर मज्जारज्जू मागे सरकत नाही. उलट मागचा आधार गेल्याने मान आणखीच झुकेल."

म्हणून समोरून जावयाचे : श्वासनलिकेच्या कडेने, दाबणारे हाड काढून, त्या जागी कमरेचे हाड बसवून, त्यावर टायटॅनियमची पट्टी. नंतर पालथे करून मागून स्क्रू व सळ्या. क्षयग्रस्त मणक्यांवर समोरून शस्त्रक्रिया करण्याची रीत हाँगकाँगच्या हॉजसन व स्टॉक यांनी १९५६ साली मांडली. आता तर मज्जारज्जूतून जाणारे संदेश शस्त्रक्रिया चालू असताना तारा लावून सतत तपासले जातात. तरीही धोके होतेच : लुळेपणा, गिळण्यास त्रास, आवाज बसणे. लुळेपणाहून आम्हांस आवाजाचेच भय अधिक वाटले. माणसाचे मन असे चमत्कारिक असते.

"बोटे पूर्ववत होतील ना?"

"गेलेले सर्व परत येईल असे मी म्हणणार नाही. उरलेले राखण्यासाठी ही शस्त्रक्रिया आहे."

आठ महिने आधी आलो असतो तर, असे विचारावयाचे ओठांवर आले होते. विचारले नाही.

ईस्टरनंतर, एप्रिल २०२३ मध्ये, सात तास शस्त्रक्रिया चालली. पाच आठवडे आवाज घोगरा होता, पेजही बेताबेताने गिळावी लागे, आणि गळ्यात तीन महिने पट्टा. पहिल्या मिस्सेस उभे राहिलो तेव्हा समोरच्या बाकावरील एक आजीबाई नंतर म्हणाल्या, "फादर, मान ताठ झाली तुमची. आमच्यावर रागावलात की काय?"

विजेचे झटके थांबले आहेत. पायऱ्यांकडे न पाहता आम्ही उतरतो. सही बरीचशी आमची वाटते. डाव्या हाताची दोन बोटे मात्र अजून बधिर आहेत, आणि झग्याची वरची तीन बटणे वेदीसेवकच लावून देतो. तो आता दहावीत आहे. पुढील वर्षी शिक्षणासाठी बाहेरगावी जाणार, म्हणून धाकट्या भावास तो हल्ली सोबत आणतो व बटणे कशी लावावयाची ते त्यास दाखवितो.