शंभरपैकी किती?

दर्यापुरात फ्रेंच ब्रँडीचा आस्वाद घ्यायला बसणे हा प्रसंग मुळातच थोडा हास्यास्पद आहे, हे आधीच कबूल करून टाकतो. आम्ही तिघेही मराठीचे मास्तर. आमच्यातल्या एकाच्या भाच्याने परदेशातून येताना दोन बाटल्या आणल्या, एक कॉन्यॅक आणि एक आर्मन्याक. सोबत एक छापील तक्ताही दिला: रंग, गंध, चव, घोट उतरल्यावर मागे रेंगाळणारी चव, प्रत्येकाला वेगळे गुण, बेरीज शंभर. "मामा, तुम्ही जन्मभर गुणच दिलेत," असे म्हणून तो पुण्याला निघून गेला.

आमच्या घरांना ब्रँडी ठाऊक होती ती औषधाच्या कपाटातून. पडसे झाले, चमचाभर. थंडीत अंग कापू लागले, चमचाभर. आपल्याकडची पुष्कळशी ब्रँडी मळीच्या अल्कोहोलवर उभी असते, द्राक्षाशी तिचे नाते नावापुरतेच. कॉन्यॅकचे तसे नाही. उनी ब्लाँ नावाच्या आंबटसर द्राक्षांची हलकी वाइन तांब्याच्या भट्टीत दोनदा उकळतात आणि मग ओकच्या पिंपात वर्षानुवर्षे ठेवतात. भट्टी 31 मार्चला थंड झालीच पाहिजे. 1 एप्रिलपासून वयाची मोजणी सुरू होते (आमच्या संस्थेचे हिशेबनीस हे ऐकून प्रसन्न झाले असते). वय पिंपातच वाढते. बाटलीत शिरले की थांबते. बाटलीवरच्या 'एक्सओ' या अक्षरांना पूर्वी 6 वर्षे पुरत. 2018 पासून किमान 10 लागतात. ही अक्षरे फ्रेंच नव्हेत, इंग्रजी आहेत. गिऱ्हाईक इंग्रज होते म्हणून. पिंपातून दरसाल दोनेक टक्के द्रव उडून जातो, त्याला तिकडे देवदूतांचा वाटा म्हणतात. त्या वाफेवर एक बुरशी पोसली जाते आणि कोठारांच्या भिंती काळ्या पडतात. वाटा देवदूतांचा आणि काजळी भिंतींना, हे आम्हांला फार आवडले.

शंभर गुणांच्या पद्धतीची कथा तर थेट आमच्या पेशातली. रॉबर्ट पार्कर या अमेरिकन समीक्षकाने ती 1978 पासून वाइनसाठी रूढ केली, आणि उचलली ती शाळेच्या गुणपत्रिकेवरून. तिच्यात आरंभच पन्नासापासून होतो. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण भरणाऱ्या प्राध्यापकांना यात नवल वाटू नये.

अडचण आली ती शब्दांची. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रस समजावताना भरताने जेवणाराचाच दाखला दिला आहे; नाना व्यंजनांनी सिद्ध केलेले अन्न रसिक जसे चाखतो, तसे प्रेक्षक भाव चाखतो. 'आस्वाद' हा शब्द आम्ही आयुष्यभर कवितेवर खर्च केला आणि प्रत्यक्ष पेल्यापुढे मुके झालो. मराठी साहित्यात मद्य म्हटले की 1919 सालचे 'एकच प्याला' आठवते, तळीराम आणि त्याचे आर्यमदिरामंडळ आठवते. पण त्या मंडळात चवीवर चर्चा झाल्याचे काही स्मरत नाही. आपल्या बोलीत या विषयावरचा एकच खरा पारिभाषिक शब्द सापडला: 'पहिल्या धारेची'. गंमत अशी की कॉन्यॅकवाले पहिली धार बाजूला काढतात आणि मधली ठेवतात.

शेवटी एकाने लिहिले, 'जुन्या लाकडी पेटीतला गूळ'. दुसऱ्याने लिहिले, 'संत्र्याची वाळकी साल'. तिसरा मात्र नुसता हुंगत बसला होता. तो पीत नाही, हे आम्हांला ठाऊक होते; का पीत नाही, हे तीस वर्षांत विचारले नव्हते. पेला नाकापासून दूर धरून तो म्हणाला, "मोहाचीच हाय बाप्पा हे, पन शिकेल-सवरेल."

आम्ही हसलो. वाळलेले मोहफूल मनुकेसारखे दिसते आणि वासही त्याच वळणाचा असतो, तेव्हा निदान चुकीचे नव्हते. चैत्रात मेळघाटात पहाटे मोह गळतो. कोरकू बाया तो वेचतात, वाळवतात, आंबवतात. पुढची क्रिया तीच, भट्टीचीच. फक्त ती ताजी पितात आणि तिला कुणी गुण देत नाही. तिच्यावर धाड पडते.

तो मात्र हसला नाही. "आमच्या बुढ्याच्या सदऱ्याले असाच वास ये," एवढेच बोलला. मग पुन्हा हुंगून, परीक्षकाच्या काटेकोरपणाने एकेक गंध वेगळा करून सांगू लागला: तळाशी भिजलेले लाकूड, वर करपलेला गूळ, आणि मध्ये घाम सुकल्यावर कापडाला येतो तो. आम्हांला नाकापाशी जे धूसर होते, ते त्याला पाठ होते. लहानपणी रात्री दार वाजले की वासावरूनच त्याला आजची रात्र कशी जाणार ते कळत असे.

शेजारच्या अंजनगाव-सुर्जी तालुक्यातले शेंडगाव हे गाडगेबाबांचे जन्मगाव. त्यांचे वडील दारूनेच गेले. पुढे मुलीच्या बारशाला भाऊबंद मटण आणि दारूची वाट पाहत बसले असताना बाबांनी पानात गोड वाढले, ही कथा आमच्याकडे पोराटोरांना ठाऊक आहे. आमच्यापुढचा तो तक्ता एकाएकी फार पोरकट दिसू लागला. तरी आम्ही तो फाडला नाही. कॉन्यॅक चांगलीच होती, हेही खोटे नव्हते.

रात्री उशिरा बेरजा केल्या. एकाचे 88, दुसऱ्याचे 91. तिसऱ्याने गंधाला पैकीच्या पैकी दिले होते आणि चवीचे रकाने कोरे ठेवले होते. न सोडवलेल्या प्रश्नाला शून्य, हा आमचा नियम. तो कुणीच लावला नाही. तक्ता आहे तसाच भाच्याला पाठवून दिला. आर्मन्याक अजून उघडायची आहे.