अप्पांची राणीची बाग

डोंबिवली,
१८ फेब्रुवारी २०२४

ती. दादास साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगता आलं असतं, पण अप्पा शेजारीच बसलेले असतात आणि सांगायचं आहे ते त्यांच्याबद्दलच, म्हणून पत्र लिहिते आहे.

गेल्या रविवारी आम्ही सगळे राणीच्या बागेत जाऊन आलो. नातवंडांना पेंग्विन बघायचे होते. अप्पा म्हणाले, "मीपण येतो." काचबिंदूमुळे त्यांना आता उजेड-अंधारापलीकडे काही कळत नाही, हे तुला ठाऊक आहेच. सूनबाई काळजीने म्हणाली, "आजोबा, फार गर्दी असते हो तिथं." मलाही, खरं सांगते, तेच वाटलं होतं. पण सकाळी सातलाच दाढी-आंघोळ उरकून, इस्त्रीचा सदरा घालून ते दाराशी बसले होते. नाही म्हणवेना.

पेंग्विनची रांग लांब होती. आठ वर्षांपूर्वी सोलहून आणले तेव्हा आठ होते. हम्बोल्ट जातीचे हे पक्षी, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. तिकडे समुद्रात थंड पाण्याचा प्रवाह आहे, म्हणून इथेही त्यांची खोली थंडगार ठेवावी लागते. ही माहिती आपल्या नऊ वर्षांच्या ईराने मला पुरवली. धाकट्याला मात्र माणसांच्या पायांशिवाय काही दिसेना, तो रडायला लागला. शेवटी पुढच्या एका अनोळखी माणसाने त्याला खांद्यावर घेतलं. तेवढ्यात एक पेंग्विन पाण्यात सूर मारून काचेशी आला आणि पोरगं रडता रडता एकदम गप्प झालं.

वाघही छान दिसला. २०२० साली औरंगाबादच्या सिद्धार्थ उद्यानातून शक्ती आणि करिश्मा ही जोडी इथे आणली. आपण पाहायचो तो पिंजरा आठवतो? गजांमागे चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे, आणि तो उग्र दर्प. आता झाडी आहे, पाण्याचं डबकं आहे, आडोसा आहे, मध्ये मोठी काच आहे. लोक त्या काचेवर थापा मारत होते. मला राहवलं नाही, दोन मुलांना मी हात धरून थांबवलं. अप्पा म्हणाले, तिसऱ्या पाळीला गिरणीचा भोंगा व्हायच्या आधी कधीकधी इकडून वाघाची डरकाळी ऐकू यायची, ती ऐकली की गावाकडच्या रानाची आठवण व्हायची. हे त्यांनी आपल्याला कधी सांगितलं होतं का रे?

पण मला सांगायचंय ते याच्या पुढचं.

वाघ बघून झाल्यावर अप्पांनी माझा दंड धरला आणि म्हणाले, "आता माझ्या झाडांकडे चल." मला काही उमजेना. दादा, आठव, आपण हत्तीच्या फेरीसाठी धावत सुटायचो आणि अप्पा बाकावर आडवे व्हायचे. रात्रपाळी करून आलेत, झोपलेत, असं आई म्हणायची. आपणही तेच धरून चाललो. ते झोपत नव्हते. बागेतल्या एका माळ्याशी त्यांची ओळख झाली होती, आपल्याच देवरुखाकडचा. तो त्यांना घेऊन झाडाझाडापाशी हिंडायचा आणि नावं सांगायचा. साचेखात्यात आठ तास कान बधिर करून आलेल्या माणसाला ती सावली काय वाटत असेल, याचा मी कधी विचारच केला नव्हता.

गोरखचिंचेपाशी त्यांनी बुंध्यावर दोन्ही तळवे टेकले. हे झाड मूळचं आफ्रिकेतलं. पावसाचं पाणी बुंध्यात साठवून उन्हाळा काढतं, म्हणून असं फुगीर. अप्पा सांगत होते आणि मुलं बुंध्याला हात लावत होती. कैलासपतीचा वास त्यांना दहा पावलांवरूनच आला. खोडालाच लगडलेली ती तोफगोळ्यांसारखी फळं बघून धाकटा घाबरला. मग अप्पांनी खाली पडलेलं एक फूल मागून घेतलं आणि बोटांनी चाचपत त्यातली पिंड आणि वरचा नागाचा फणा त्याला दाखवला.

कृष्णवडाचं एक गळलेलं पान ईराने जपून घरी आणलंय. देठापाशी वाटीसारखं दुमडलेलं असतं. श्रीकृष्णाने चोरलेलं लोणी त्यात लपवलं, म्हणून पानाला वाटी आली, ही गोष्ट अप्पांनी तिला सांगितली. पान पुस्तकात ठेवायला ती तयार नाही, वाटी मोडेल म्हणते.

उर्वशी फुलली होती. ब्रह्मदेशातलं झाड, आणि फुलतं या दिवसांत. लालभडक फुलांचे लोंबते घोस. अप्पा म्हणाले, "टोकाला पिवळा ठिपका आहे का बघ." ईरा टाचा उंचावून बघत म्हणाली, "आहे, पणजोबा." मग एकेक पाकळी कशी आहे ते ती त्यांना सांगत राहिली आणि ते ऐकत राहिले. आम्ही बाकीचे अगदी गप्प होतो.

दादा, ही बाग १८६२ सालची. आधी बाग झाली, प्राणी मागाहून आले. २००७ च्या सुमारास तिचा चेहरामोहरा बदलायचा मोठा आराखडा आला, तेव्हा झाडांवर घाला येईल म्हणून काही मुंबईकर बायका उभ्या राहिल्या आणि वर्षानुवर्षं मागे हटल्या नाहीत. तेव्हा मी वर्तमानपत्रात वाचून पान उलटलं होतं. आज त्यांचे पाय धरावेसे वाटतात. अप्पांना जे एकच ठिकाण हाताने ओळखता येतं, ते त्यांच्यामुळे जागच्या जागी उभं आहे.

निघताना त्यांनी म्युझियमपाशी दगडी हत्ती अजून आहे ना, विचारलं. घारापुरीचा तो. १८६४ मध्ये इंग्रज त्याला विलायतेला न्यायला गेले, उचलताना तो कोसळून तुकडे झाले, पुढे सांधून इथे बसवला. मुलांना ही गोष्ट वाघापेक्षा आवडली. गाडीत दोघंही तेच बोलत होती.

तू मार्चच्या आत ये. उर्वशीचा बहर ओसरायच्या आधी. बुधवार सोडून ये, त्या दिवशी बाग बंद असते. अप्पांना मी काही सांगितलेलं नाही, तूच त्यांना म्हण की झाडं दाखवा.

आणि एक. त्या माळ्याचं नाव अप्पांना आता आठवत नाही. दोन दिवस आठवून आठवून बेचैन झालेत. तू मोठा, तुला कदाचित माहीत असेल. आठवलं तर पत्राची वाट न बघता फोनच कर, रात्री उशिरा केलास तरी चालेल. ते जागेच असतात.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी बहीण