जेद्दाच्या किनाऱ्यावरचे पाहुणे

उमऱ्याहून परतलेल्या माणसाला सगळे मक्का-मदिनेबद्दल विचारतात. जेद्दाबद्दल कोणी विचारत नाही. विमान उतरते ते गाव, एवढीच त्याची ओळख. आम्हीही घरून निघताना तसेच समजत होतो. परंतु अल्लाहच्या घरी जाऊन आल्यानंतर जेद्दात काढलेल्या दोन दिवसांनी आमच्या मनातली एक गाठ सुटली. ती गाठ आमच्यासारख्या अनेक घरांत असेल, म्हणून हे लिहीत आहोत.

आम्ही दोघी जुळ्या बहिणी. चिपळूणजवळच्या खाडीकाठच्या गावातल्या. दोघीही एकाच कॉलेजात डिझाइन शिकतो. पहिल्या वर्षी मातीकामाचा वर्ग होता आणि त्यात माणसाचे डोके घडवायचे होते. गोळा आकार घेईपर्यंत काही वाटले नाही. नाक-डोळे उमटू लागले तसे हात थांबले. दोघींनी काम अर्धवट ठेवले. सर रागावले नाहीत, पण त्यांनी एक प्रश्न विचारला, "चेहरा वगळलात, तर तुमच्या कामात जीव कुठून येणार?" आमच्याकडे उत्तर नव्हते.

इकडे घरी वेगळेच. नात्यातल्या एका बुजुर्गांनी अब्बांना भर जमातीत सुनावले, "पोरींना पुतळे करायला धाडलंय का?" अब्बा गप्प राहिले. पुढच्या वर्षासाठी विषय निवडायचा होता. आम्हाला सार्वजनिक जागांची रचना हा विषय घ्यायचा होता. चौक, बाग, धक्का, थांबा अशा ठिकाणी काय उभारावे, हे त्यात शिकवतात. अब्बा एवढेच म्हणाले, "आधी उमरा करून येऊ. मग ठरवू." शिक्षण पुढे चालणार की थांबणार, हे त्या 'मग'वर लटकले होते.

फेब्रुवारी 2025मध्ये अब्बा, दादी आणि आम्ही दोघी निघालो. अलहम्दुलिल्लाह, उमरा झाला. परतीच्या आधी दोन दिवस जेद्दाला चाचांकडे मुक्काम होता. चाचा बावीस वर्षे तिथल्या एका वर्कशॉपमध्ये फिटर आहेत. त्यांनी पहिल्या सकाळी आम्हाला समुद्राकाठी नेले. तिथल्या किनारी रस्त्याला सगळे कॉर्निश म्हणतात. एका बाजूला तांबडा समुद्र, दुसऱ्या बाजूला हिरवळ आणि हिरवळीवर प्रचंड आकार. ब्राँझचे, पोलादाचे, दगडाचे.

ही गोष्ट 1970 आणि 1980च्या दशकांतली. तेलाच्या पैशाने जेद्दा झपाट्याने वाढत होते. शहराचे मेयर होते मोहम्मद सईद फारसी, स्वतः वास्तुरचनेचे जाणकार. नव्या रस्त्यांच्या आणि चौकांच्या शहराला नुसत्या दिव्याच्या खांबांनी शोभा येणार नाही, असे त्यांना वाटले. त्यांनी देशोदेशीच्या कलाकारांची कामे मागवली. इंग्लंडचे हेन्री मूर, अमेरिकेचे अलेक्झांडर काल्डर, स्पेनचे होआन मिरो, आणि अरब जगातलेही अनेक. शहरात अशी चारशेच्या वर शिल्पे उभी राहिली असे सांगतात. मात्र एक अट होती. माणसाचा किंवा जनावराचा हुबेहूब पुतळा उभा करायचा नाही.

आम्ही तिथेच थबकलो. हेन्री मूर यांचे नाव आम्ही वर्गात ऐकले होते ते आडव्या पहुडलेल्या माणसांच्या आणि आई-मुलाच्या शिल्पांमुळे. इथे मात्र त्यांचे वेगळेच काम उभे होते. मध्ये फुगीर आणि दोन बाजूंना टोके काढलेला ब्राँझचा मोठा आकार. दादीने त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "ही तर टकळी! शाळेत आम्हाला सूत काढायला द्यायचे, तशी."

आम्ही एकमेकींकडे पाहिले. त्या शिल्पाच्या इंग्रजी नावात खरोखरच सूत कातायची चाती आहे. दादी मराठी चौथीपर्यंत शिकलेली. तिला कोणी सांगितले नव्हते. नाक नाही, डोळे नाहीत, तरी त्या आकाराने साठ-पासष्ट वर्षांपूर्वीची शाळा तिच्यासमोर आणली.

आम्हाला वाटले, हे सगळे कलाकार या गावाचे पाहुणेच. कोणी स्वतः आला असेल, कोणाचे नुसते काम आले असेल. पण पाहुणा ज्या घरी जातो त्या घरचा अदब पाळतो. ओसरीवर चपला काढा म्हटले, तर काढतो. त्याने त्याचा मान कमी होत नाही. मूर यांच्या कामातही अटीमुळे काही कमी पडलेले दिसले नाही.

पुढे एका ठिकाणी मशिदीतल्या दिव्यांचे भलेथोरले आकार आहेत. ममलुक काळात मशिदींत टांगत असत त्या काचेच्या दिव्यांवरून ते बेतलेले. ही रचना खूलिओ लाफुएंते या स्पॅनिश वास्तुरचनाकाराची. परका माणूस, पण त्याने आपल्याच मशिदीतली वस्तू उचलून रस्त्यावर मांडली आणि रोज येणाऱ्या-जाणाऱ्याला ती नव्याने बघायला लावली.

सगळ्यांना सगळे पटले असे नाही. चाचा म्हणाले, "एवढ्या पैशांत किती घरं झाली असती!" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शिवाय मोठे काम उभारले म्हणजे संपत नाही. खाऱ्या वाऱ्याने लोखंडाचे काय होते, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. आमच्या खिडक्यांचे गज दर दोन-तीन वर्षांनी रंगवावे लागतात. जेद्दाच्या शिल्पांनाही ऊन, रेती आणि खारी हवा लागली होती. आर्ट जमील या संस्थेने नगरपालिकेबरोबर काम करून त्यांतल्या निवडक शिल्पांची दुरुस्ती केली आणि ती किनाऱ्यावर एकत्र मांडून खुले संग्रहालय केले. चाचा फिटर असल्यामुळे त्यांनी सांधे आणि रंगाचा थर बोटाने तपासला आणि म्हणाले, "काम चोख आहे." पैशांबद्दलचे मत मात्र त्यांनी बदलले नाही.

बाकावर बसल्यावर अब्बांनी एक रिवायत सांगितली. हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडे एक माणूस आला. हाताने चित्रे करून तो पोट भरत असे. त्यांनी त्याला सजीवांच्या चित्रांपासून रोखले, पण धंदा सोडून दे असे म्हटले नाही. करायचेच असेल तर झाडे कर, ज्यात जीव नाही अशा वस्तू कर, असे सांगितले. सहीह बुखारीत ही रिवायत आहे. आम्ही काही आलिमा नाही. या विषयातले बारकावे उलेमांनाच विचारावेत. पण त्या कारागिरासाठी एक दार बंद करताना दुसरे उघडे ठेवले होते, हे आमच्या लक्षात आले. आमची नजर आजवर बंद दारावरच खिळली होती.

दुसऱ्या दिवशी चाचा आम्हाला विमानतळाच्या बाजूला घेऊन गेले. तिथे हाजींसाठी बांधलेल्या जुन्या टर्मिनलच्या आवारात इस्लामी कलांचे द्वैवार्षिक प्रदर्शन भरले होते. खरे सांगायचे तर आमचे डोळे आधी छताकडेच गेले. पांढऱ्या कापडी तंबूंची रांगच रांग, एकूण 210. हे टर्मिनल 1981मध्ये सुरू झाले. काचतंतूंच्या कापडाचे छत उन्हाची धग अडवते, उजेड येऊ देते आणि गरम हवा वरच्या तोंडातून निघून जाते. बाजूंना भिंतीच नाहीत. या रचनेमागचे अभियंते होते ढाक्याचे फझलुर रहमान खान, ज्यांनी शिकागोचा सिअर्स टॉवर उभा केला. मार्च 1982मध्ये त्यांचे निधन झाले ते याच जेद्दा शहरात. लाखो हाजी त्यांच्या सावलीत बसले, आणि बहुतेकांना त्यांचे नावही ठाऊक नाही.

प्रदर्शनात काबाशरीफचा संपूर्ण गिलाफ मांडला होता. मक्केबाहेर तो असा अखंड प्रथमच मांडला गेला. हरममध्ये गर्दीतून लांबून पाहिलेले सोन्या-चांदीच्या तारांचे भरतकाम इथे जवळून दिसले. दादी बराच वेळ तिथून हलली नाही.

बाहेर, तंबूंच्या छायेत, ठिकठिकाणच्या कलाकारांची कामे होती. त्यांतच एक मुसल्ला, म्हणजे नमाजची जागा. बैरुतच्या वास्तुरचनाकारांनी, रय्यान ताबेत या कलाकाराने आणि अभियंत्यांनी मिळून ती बांधली होती. साहित्य म्हणजे खजुराच्या झाडाचा टाकाऊ भाग. रचना मागावरच्या विणीसारखी. सुटी करून दुसरीकडे पुन्हा उभी करता येईल अशी. दादीने भिंतीवरून हात फिरवला. "आपल्याकडे मांडवाला झाप विणतात, त्याच घरातलं आहे हे," ती म्हणाली.

तेवढ्यात असरची वेळ झाली. आतापर्यंत फोटो काढणारी माणसे चपला काढून आत आली. आम्हीही दादीबरोबर उभ्या राहिलो. सलाम फेरल्यावर सरांचा प्रश्न आठवला. जीव कुठून येणार? आमच्या डोळ्यांसमोरच आला होता. रचनेत तो कोरलेला नव्हता. तिने माणसांसाठी जागा ठेवली होती आणि माणसे येताच ती भरून गेली. किनाऱ्यावर टकळीभोवती फिरणारी दादी, तंबूखाली बसलेले हाजी, हेही तसेच.

परतीच्या विमानात अब्बांनी स्वतःहून विषय काढला. "फॉर्म भरायची शेवटची तारीख कधी आहे?" एवढेच विचारले. त्या बुजुर्गांना ते स्वतः जाऊन भेटले. काय बोलणे झाले ते आम्हाला सांगितले नाही. बुजुर्गांचे पूर्ण समाधान झाले असेही वाटत नाही. पण त्यांनी पुन्हा भर जमातीत विषय काढला नाही, आणि आम्हीही त्यांना सलाम करायचे टाळले नाही.

सध्या आमच्या खाडीच्या धक्क्यावर एक छोटी सावली उभारायचा प्रयत्न चालू आहे. होडीची वाट पाहत बाया-माणसे तिथे उन्हात उभी असतात. बांबू आणि झाप एवढेच साहित्य. पहिला नमुना अंगणात उभा केला तेव्हा दादीने चष्मा लावून तो खालून-वरून पाहिला. आम्ही शाबासकीची वाट पाहत होतो. ती म्हणाली, "झाप उलटा विणलाय. पहिल्याच सरीत गळेल."

मग तिथेच खाली बसली, आमच्याकडून झावळी मागून घेतली आणि सुलटी वीण दाखवू लागली.