'प्रेक्षणीय' या शब्दाविषयी : टास्मानियाच्या पश्चिम किनाऱ्यावरून

मराठी प्रवासवर्णनांत 'प्रेक्षणीय स्थळ' हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे की तो आपण आता वाचत नाही, नुसता ओलांडून जातो. प्रेक्षणीय म्हणजे पाहण्याजोगे, एवढा अर्थ पुरेसा वाटतो. परंतु एखादी जागा पाहण्याजोगी होण्यापूर्वी तिथे काय घडून जावे लागते, कोणाचे काम संपावे लागते, कोणाला तिथून जावे लागते, हे प्रश्न त्या शब्दात मावत नाहीत. ते प्रश्न आम्हांला पडले ते टास्मानियात. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला असलेल्या या बेटावर आठवडाभराच्या सहली निघतात. बसने डोंगरातला रस्ता, वाफेच्या इंजिनाची जुनी आगगाडी आणि नदीतला जलविहार असा त्यांचा ठरलेला क्रम असतो. आम्ही तशाच एका सहलीत सामील झालो होतो.

मार्गदर्शकाबरोबर केलेली सहल हीदेखील एक संहिताच असते. तिला निवेदक असतो, कथानक असते आणि कोणत्याही संहितेप्रमाणे तिच्यात गाळलेल्या जागाही असतात. फरक इतकाच की इथे वाचकाला पाने मागे उलटता येत नाहीत. बस पुढे निघून गेलेली असते. आमचे निवेदक म्हणजे बस चालवणारे गृहस्थच. मिस्कील, नेमके बोलणारे, कोणत्या वळणावर कोणता विनोद सांगायचा हे वर्षानुवर्षांच्या सरावाने पक्के झालेले. त्यांच्या बोलण्यापेक्षा त्यांच्या थांबण्यांकडे आमचे लक्ष अधिक जाऊ लागले. हा साहित्याच्या अभ्यासाचा दोष म्हणावा की गुण, ते वाचकांनी ठरवावे.

होबार्टहून क्वीन्सटाउनकडे जाणारा लायल हायवे सुमारे २६० किलोमीटरांचा आहे. तो १९३२ साली पुरा झाला. तोवर बेटाच्या पश्चिम किनाऱ्याला जायचे तर समुद्रमार्गे, नाही तर उत्तरेकडून आगगाडीने जावे लागे. रस्ता आधी मेंढ्यांच्या कुरणांतून जातो, मग गवताळ पठारावरून आणि मग घनदाट, ओल्या, शेवाळलेल्या अरण्यातून. फ्रँकलिन नदीवरच्या पुलाशी थोडा वेळ थांबून बस पुढे निघाली. त्यानंतर अरण्य संपले, आणि ते ज्या तऱ्हेने संपले ती विसरता येण्याजोगी नव्हती. शेवटच्या वळणांवर समोर उघडे डोंगर आले. गुलाबी, गेरूच्या रंगाचे, करडे, झाडाचे नाव नसलेले. बसमध्ये क्षणभर शांतता पसरली, आणि मग सगळ्यांचे कॅमेरे एकदम वर झाले. चंद्रावर आल्यासारखे वाटते, असे कोणीतरी म्हणाले. निवेदकांनी मान डोलावली; हे वाक्य त्यांना अपेक्षितच असावे.

या डोंगरांना कोणत्याही भूकंपाने वा ज्वालामुखीने उघडे केलेले नाही. माउंट लायलच्या खाणीत तांबे सापडले आणि १८९६ पासून इथे धातू वितळवण्याच्या भट्ट्या पेटल्या. भट्ट्यांसाठी आसपासचे अरण्य तोडले गेले. खनिजातले गंधक जळून निघणाऱ्या धुराने उरलेली झाडे मारली. वाळलेल्या रानाला पुनःपुन्हा वणवे लागले. राहिलेले काम पावसाने केले: वर्षाला सुमारे २४०० मिलिमीटर कोसळणाऱ्या पावसाने मोकळी झालेली माती धुऊन नेली आणि खाली खडक उरला. भट्ट्या १९६९ साली बंद झाल्या. तेव्हापासून उतारांवर हळूहळू झुडपे परतू लागली आहेत. गंमत अशी की त्यांचे येणे गावात सर्वांनाच रुचलेले नाही. उघडे डोंगर ही गावाची ओळख, आणि आता खाणीनंतरचे एक उत्पन्नही. ते हिरवे झाले तर पाहायला कोण येणार? आम्हांलाही त्या संध्याकाळच्या तिरप्या उन्हात ते डोंगर अतिशय सुंदर दिसले, हे नमूद केले पाहिजे. सौंदर्याला स्वतःचा इतिहास ठाऊक नसतो. तो पाहणाऱ्याने ठेवायचा असतो.

दुसऱ्या दिवशी आगगाडी. तांबे समुद्रापर्यंत नेण्यासाठी खाण कंपनीने घातलेला हा अरुंद लोहमार्ग १८९९ साली मॅक्वारी हार्बर या मोठ्या खाडीवरच्या स्ट्रॉनपर्यंत पोचला. लांबी अवघी ३५ किलोमीटरांच्या आसपास, पण चढ सोळास एक इतका तीव्र की साधी चाके घसरावीत. म्हणून रुळांच्या मधोमध दातेरी पट्ट्या बसवलेल्या आहेत आणि इंजिनाखालचे दातेरी चाक त्यांत अडकत अडकत गाडी वर खेचते. रोमन आब्ट या स्विस अभियंत्याची ही पद्धत. भारतीय वाचकांना ती निलगिरीच्या गाडीमुळे परिचित असेल. मेट्टुपलायम ते कुन्नूर हा त्या गाडीचा मार्गही १८९९ सालीच सुरू झाला. एकाच वर्षी, एकाच साम्राज्याच्या दोन टोकांना, एकाच यंत्राने दोन डोंगर चढले. एक तांब्यासाठी, एक गोऱ्या साहेबांच्या थंड हवेसाठी.

स्ट्रॉनची गाडी १९६३ साली बंद झाली, रूळ रानाने गिळले, आणि २००२ साली ती पर्यटकांसाठी पुन्हा पूर्ण मार्गावर धावू लागली. जुन्या इंजिनांपैकी काही डागडुजी करून पुन्हा कामाला लावली गेली. 'कामाला' हा शब्द आम्ही सवयीने लिहिला. खरे तर काम संपल्यामुळेच ती वारसा झाली. तांबे वाहणाऱ्या इंजिनाचे छायाचित्र काढायला कोणी जगाच्या दुसऱ्या टोकाहून येत नव्हते. चढावर दातेरी चाकाचा खडखड आवाज सुरू झाला तेव्हा डब्यातल्या वयस्कर मंडळींनी टाळ्या वाजवल्या. आम्हीही वाजवल्या. ज्या गाडीने हे खोरे रिकामे केले तिच्याच खिडकीतून ते खोरे किती रम्य दिसते याबद्दलच्या त्या टाळ्या होत्या, हे लक्षात येईपर्यंत शिखराचे स्थानक आले होते.

उतारावर गाडी किंग नदीच्या काठाने जाते. खाणीचा गाळ दशकानुदशके क्वीन नदीत सोडला जात होता आणि तिच्यातून तो किंग नदीत येत होता. १९९४ पर्यंत हे चालले. तोवर सुमारे दहा कोटी टन गाळ आणि भट्ट्यांची मळी या पाण्यातून वाहून गेली होती. काठावर तिचे थर साचलेले दिसतात. आमच्या डब्यातल्या निवेदिकेने याविषयी एकच वाक्य सांगितले आणि लगेच चहा आला. त्या एका वाक्याबद्दलही आम्ही तिचे आभारी आहोत. सहलीच्या संहितेत अशा वाक्याला जागा करणे सोपे नसते.

तिसऱ्या दिवशीची बोट स्ट्रॉनच्या धक्क्यावरून निघते, मॅक्वारी हार्बर ओलांडते आणि गॉर्डन नदीत शिरते. नदीत शिरताच तिचा वेग मंदावतो, कारण लाटांनी काठ ढासळतात. गॉर्डनचे पाणी काळे आहे. पठारावरच्या गवताचा आणि पाल्याचा अर्क उतरून ते चहाच्या कोऱ्या काढ्यासारखे झालेले असते. त्यामुळे त्यात काठावरची झाडे आरशात दिसावीत तशी दिसतात. मराठी माणसाने या पाण्याकडे पाहून 'काळे पाणी' असे म्हणू नये हे अशक्य आहे. आणि योगायोग असा की इथे तो शब्द दोन्ही अर्थांनी खरा आहे. खाडीतल्या सारा बेटावर १८२२ ते १८३३ या काळात इंग्रजांची वसाहत होती ती पुन्हा गुन्हा करणाऱ्या कैद्यांसाठी. खाडीच्या अरुंद तोंडाला 'हेल्स गेट्स', म्हणजे नरकाची दारे, असे नाव पडले. कैद्यांकडून ह्यूऑन पाइन तोडून घेतले जाई. अतिशय सावकाश वाढणारा, दोन हजारांहून अधिक वर्षे जगणारा हा वृक्ष. त्याचे लाकूड तेलकट, सुगंधी, पाण्यात न कुजणारे. त्यातून त्या बेटावर शंभराहून अधिक लहानमोठ्या नावा बांधल्या गेल्या.

या कारावासावर ऑस्ट्रेलियात गाजलेली कादंबरी मार्कस क्लार्कची. 'हिज नॅचरल लाइफ' या नावाने ती १८७४ साली पुस्तकरूपात आली आणि पुढे 'फॉर द टर्म ऑफ हिज नॅचरल लाइफ' या लांबलचक शीर्षकाने प्रसिद्ध झाली. हे शीर्षक म्हणजे कायद्याच्या भाषेतला एक शब्दसमूह, आणि त्याला मराठीत एकच नेमका शब्द आहे: जन्मठेप. तो उच्चारताच आपल्याला १९२७ सालचे सावरकरांचे 'माझी जन्मठेप' आठवते. दोन्ही पुस्तकांतला फरक एका सर्वनामाचा आहे. एकीकडे 'त्याची', दुसरीकडे 'माझी'. क्लार्क पत्रकार होता. कैद्यांची वसाहत त्याने कागदपत्रांतून आणि भग्न अवशेषांतून वाचली. अंदमानाची कथा ती भोगलेल्याने लिहिली. सारा बेटावरच्या बहुसंख्य कैद्यांना 'माझी' म्हणण्याची सोय नव्हती. त्यांच्या कथा इतरांनी सांगितल्या, आता बोटीवरचे मार्गदर्शक सांगतात.

एक कथा मात्र कैद्यांच्या शब्दांनीच तरली. १८३४ च्या जानेवारीत वसाहत आवरती घेताना मागे राहिलेल्या दहा कैद्यांनी 'फ्रेडरिक' हे नवे जहाज पळवले आणि प्रशांत महासागर ओलांडून चिली गाठली. त्यांतले चौघे पुढे पकडले जाऊन होबार्टला आणले गेले. जहाज अजून रीतसर नोंदले गेले नव्हते, तेव्हा ते जहाजच नव्हते, नुसते लाकूड आणि दोरखंड होते; मग चाचेगिरी कसली, असा बचाव मांडण्यात आला. दोषी ठरूनही त्यांची फाशी टळली. या घटनेवर स्ट्रॉनमध्ये १९९४ पासून वर्षानुवर्षे एक नाटक होत आले. 'द शिप दॅट नेव्हर वॉज' हे त्याचे नाव, आणि त्यात प्रेक्षकांनाच कैदी व खलाशी करून रंगमंचावर ओढले जाते. सबंध सहलीत प्रेक्षकाला जागेवरून उठवण्याची कल्पना फक्त इथेच कोणाला तरी सुचली होती.

बोट हेरिटेज लँडिंगला थांबते आणि तिथून परत फिरते. त्याच्या बऱ्याच वर, गॉर्डन आणि फ्रँकलिन यांच्या संगमाखाली, धरण होणार होते. टास्मानियाच्या जलविद्युत आयोगाने १९७२ साली पेडर सरोवर त्याच्या गुलाबी वाळूच्या किनाऱ्यासह बुडवले होते. त्याची छायाचित्रे काढणारा ओलेगास ट्रुहानास त्याच वर्षी गॉर्डन नदीत बुडून मेला. त्याचा शिष्य पीटर डोम्ब्रोव्हस्की. त्याने फ्रँकलिनच्या एका वळणावरचे पहाटेच्या धुक्यातले छायाचित्र टिपले, आणि १९८३ च्या मार्चमधील निवडणुकीपूर्वी ते वृत्तपत्रांत पानभर छापले गेले. त्याआधी, १९८२ च्या डिसेंबरपासून, बाराशेहून अधिक निदर्शकांना अटक झाली होती. पर्यटकांना फिरवणाऱ्या एका स्थानिक बोटीतूनच अनेक निदर्शक वर नेले गेले. स्ट्रॉन गाव मात्र दुभंगलेले होते. धरण म्हणजे रोजगार, असे मानणारेही पुष्कळ होते, आणि ते चूक होते असे बाहेरच्यांनी सहज म्हणू नये. १ जुलै १९८३ रोजी ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन अशा मताने धरण थांबवले. आमच्या बोटीखालून ते काळे पाणी मोकळे वाहत होते ते एका मताच्या फरकाने.

इथे आमच्या मूळ प्रश्नाला वळण मिळते. क्वीन्सटाउनचे डोंगर उद्ध्वस्त झाल्यामुळे प्रेक्षणीय झाले. फ्रँकलिन मात्र प्रेक्षणीय झाली म्हणून उद्ध्वस्त होण्यापासून वाचली. ते छायाचित्र पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ती नदी कधी पाहिली नव्हती, पाहण्याची शक्यताही नव्हती. तरीही त्यांनी मत दिले.

पण त्या छायाचित्रातही एक गाळलेली जागा आहे. त्यात माणूस नाही. त्या भागाला इंग्रजीत 'वाइल्डरनेस' म्हणतात. आगगाडीच्या आजच्या नावातही तो शब्द आहे. त्याला मराठी प्रतिशब्द शोधताना आम्ही अडलो. 'अरण्य' चालत नाही, कारण आपले अरण्य रिकामे नसते. तिथे आश्रम असतात, वनवासी असतात, आरण्यके तिथेच रचली जातात. 'निर्जन' म्हणावे तर ते खोटे ठरते. फ्रँकलिनच्या काठी कुटिकिना नावाची गुहा आहे. हजारो वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगात, तिथे माणसे राहत होती. १९८१ साली तिथल्या दगडी हत्यारांचा शोध लागला आणि धरणाविरुद्धच्या युक्तिवादात त्या गुहेलाही स्थान मिळाले. १९९५ साली ती आदिवासी समाजाकडे परत देण्यात आली. आणि ज्या सारा बेटावर आम्ही कैद्यांच्या कथा ऐकत हिंडलो, तिथेच १८३३ साली पश्चिम किनाऱ्यावरच्या आदिवासींना पकडून आणून ठेवले होते. अनेकजण आजाराने तिथेच मेले. उरलेल्यांना फ्लिंडर्स बेटावर नेण्यात आले. त्यांचे वंशज, पलावा, आजही टास्मानियात आहेत. ही भूमी 'निर्जन' नव्हती, ती निर्जन केली गेली; नंतर तिच्या निर्जनतेचे तिकीट निघाले. आमच्या सहलीच्या निवेदनात कैद्यांना तास दीड तास मिळाला, पलावांना काही मिनिटे.

यावर सहलींना जाऊच नये असे उत्तर कोणी देईल. ते आम्हांला पटत नाही. पाहणारे नसते तर फ्रँकलिन आज धरणाखाली असती. प्रश्न पाहण्याच्या प्रकाराचा आहे, आणि त्यासाठी संस्कृतने आपल्याला दोन शब्द दिले आहेत. दोन्ही पाहण्यातूनच आलेले. एक 'प्रेक्षक', दुसरा 'साक्षी', म्हणजे ज्याचे डोळे तिथे हजर होते तो. प्रेक्षकाचे काम पडदा पडला की संपते. साक्षीला नंतर बोलावले जाऊ शकते. काय पाहिलेस, असे त्याला विचारले जाते आणि त्याने आठवून, न गाळता सांगायचे असते. विद्यार्थ्यांना प्रवासवर्णन शिकवताना शैली, विनोद, वर्णनकौशल्य यांबरोबर हा एक प्रश्नही आता विचारावा असे आम्हांला वाटते: हा लेखक त्या जागेचा प्रेक्षक आहे की साक्षी? आमच्या बसमधल्या निवेदकांच्या थांबण्यांपासून ते या लेखापर्यंत, कोणालाच त्या प्रश्नातून सूट नसावी.